दोन पात्यांचं ब्रॉडहेड: धार लावणाऱ्याच्या टेबलावरून

पन्नास पौंड ताणाचा लाँगबो (लांब लाकडी धनुष्य) आणि लाकडी बाण घेऊन रानडुकराच्या मागे जाणाऱ्याने दोन पात्यांचं कुठलं ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाला लावायचं शिकारीचं पातं, घ्यावं, याचं माझं उत्तर आधीच सांगतो. एकाच पोलादी तुकड्यातून कोरलेलं, एकतर्फी धारेचं (उतार एकाच बाजूला), रुंदीपेक्षा लांबीला बरंच जास्त, २०० ग्रेन (तेरा ग्रॅमच्या आसपास) वजनाचं घ्यावं. पण ज्याला स्वतःच्या हाताने धार लावता येते त्यानेच. ज्याला येत नाही त्याने साधं, दुतर्फी, कानशीला दाद देणारं पातं घ्यावं आणि महिनाभर त्यावर हात बसवावा. बोथट महागड्या पात्यापेक्षा धारदार साधं पातं कधीही बरं. जनावराच्या दृष्टीने तर बरंच.

मी शिकारी नाही. सोलापुरात टूलरूममध्ये टूल अँड कटर ग्राइंडरवर नोकरी केली आणि आता अशोक चौकाकडे घरीच धारेचं काम करतो. माझ्याकडे जास्त करून युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतल्या कटिंग मास्टर लोकांच्या कात्र्या येतात, थोडी कागदाच्या कटरची पाती, थोड्या खाटकांच्या सुऱ्या. माझा भाचा टेक्सासात असतो. तिथे रानडुकरांनी शेतकऱ्यांना जेरीस आणलंय आणि जमीनमालकाच्या परवानगीने त्यांची शिकार करता येते. हा गडी बंदूक सोडून लाकडी धनुष्याने करतो. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा सामानात धनुष्य, बाण आणि चार तऱ्हेची ब्रॉडहेड घेऊनच आला. म्हणाला, "मामा, तिकडं सगळे आपापल्या कंपनीचं गुणगान गातात. तुम्ही पोलाद बघून सांगा, यातलं कुठलं घेऊ?"

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण वाचणाऱ्यांत इथलीच पोरं जास्त असतील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. शेत नासवणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. आपल्या सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर नान्नजचा माळ आहे. तिथला माळढोक आपल्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. आता काळवीट आणि लांडगे आहेत, ते तरी राहू द्यावेत. मी जे लिहितोय ते जिथे परवानगी आहे तिथल्या माणसाच्या कामाचं आहे. इथे ही पाती आम्ही फक्त कडब्यावर आणि हाडावर मारली, आणि परत जाताना भाच्याने ती सगळी मोजून बॅगेत भरली.

चार पाती अशी होती. पहिलं झ्विकी कंपनीचं एस्किमो, १२५ ग्रेनचं, काळं, अमेरिकेत मिनेसोटातल्या जुन्या घराण्याचं. दुसरं कटथ्रोट, २०० ग्रेन, एकसंध आणि एकतर्फी धारेचं. तिसरं स्टेनलेसचं, मधे भोकं असलेलं. चौथं एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात मिळालेल्या पाकिटातलं. त्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव धड छापलेलं नव्हतं, म्हणून मीही त्याला स्वस्त पाकीट एवढंच म्हणतो.

सगळ्यात आधी वजन. ग्रेन हे माप आपल्याला परकं वाटतं, पण सराफांच्या जुन्या पिढीला वाटत नाही. जुना इंग्रजी तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. मधल्या मारुतीजवळ ओळखीच्या सराफाकडे जाऊन त्याच्या काट्यावर सगळी पाती घातली. २०० ग्रेनचं पातं म्हणजे १२.९६ ग्रॅम, तोळ्यापेक्षा थोडं जड. कटथ्रोटची तिन्ही पाती एकमेकांच्या इतकी जवळ आली की सराफाने स्वतःहून विचारलं, हे कुठे बनतं म्हणून. स्वस्त पाकिटातल्या दोन पात्यांत जवळजवळ दहा ग्रेनचा फरक निघाला. दहा ग्रेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त. कात्रीला हे चालेल, बाणाला नाही. एक बाण वर जाणार आणि दुसरा खाली, आणि माणूस दोष देणार स्वतःच्या हाताला.

वजनाचा आणखी एक हिशोब आहे, तो विकत घेताना लोक विसरतात असं भाचा म्हणतो आणि मला तो पटला. लाकडी बाण सुटताना धनुष्याला वळसा घालून वाकतो आणि मग सरळ होतो. पुढचं टोक जितकं जड तितकी काडी, म्हणजे बाणाचा दांडा, जास्त वाकते. १२५ ग्रेनला जुळलेली काडी २०० ग्रेनला मऊ पडते. म्हणजे जड पातं घ्यायचं तर काडीही ताठ घ्यावी लागते, आणि तो खर्च पात्याच्या किमतीत धरायला हवा. भाच्याच्या डग्लस फर लाकडाच्या काड्या जड पात्यासाठीच निवडलेल्या होत्या. पातं, पिसं, सगळं धरून त्याचा बाण ६२० ते ६३० ग्रेनच्या घरात जातो, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास. डॉ. एड अ‍ॅशबी नावाच्या संशोधकाने दक्षिण आफ्रिकेत मेलेल्या जनावरांवर बाण मारून मारून जो अभ्यास केला, त्यात जाड हाड फोडायला ६५० ग्रेनचा बाण लागतो असं त्याने मांडलंय. भाचा त्या आकड्याच्या थोडा खाली आहे. त्याच्या धनुष्याला एवढंच झेपतं.

आता माझ्या खास विषयाकडे येतो, तो म्हणजे पातं सरळ आहे का. लाकडी बाणाच्या पुढच्या टोकाला ५ अंशांचा टेपर (निमुळता उतार) असतो, त्यावर पात्याची नळी गरम करून, गोंदाची कांडी वितळवून बसवायची. बसवल्यावर तिरंदाज काय करतात, तर टोक तळहातावर किंवा नखावर टेकवून बाण फिरवतात आणि थरथर जाणवते का ते बघतात. पद्धत चांगली आहे, पण माझ्याकडे व्ही-ब्लॉक (काडी टेकवायचे खाचेचे ठोकळे) आहेत आणि डायल (बारीकसा हेलकावाही काट्यावर दाखवणारं माप) आहे. काडी व्ही-ब्लॉकवर ठेवली, डायल नळीच्या पुढच्या भागाला टेकवला आणि हळूहळू फिरवलं. कटथ्रोट आणि एस्किमो दोन्ही थोडंसं गरम करून, अर्धा वळसा देऊन बसवल्यावर काटा फारसा हललाच नाही. स्टेनलेसवालंही ठीक होतं. स्वस्त पाकिटातल्या एका पात्याची नळीच पात्याला तिरकी जोडलेली होती. ते कसंही बसवा, काटा नाचायचाच. ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेले दोन पंख. ते तिरके असले की मागची पिसं एकीकडे ओढतात आणि पुढचं पातं दुसरीकडे. असं पातं कितीही तासलं तरी सरळ होत नाही. ते मी बाजूला ठेवलं, पुढच्या चाचणीत घेतलंच नाही.

गरम करताना एक काळजी घ्यायची. आच नळीच्या बुडाला द्यायची, पात्याला नाही. गॅसच्या ज्योतीवर अख्खं पातं धरलं आणि धारेवर निळसर छटा आली की पोलादाचं पाणी उतरलं समजायचं. निळा रंग साधारण ३०० अंशांच्या आसपास येतो, आणि गोंद त्याच्या कितीतरी आधी वितळतो. त्यामुळे रंग बदलेपर्यंत तापवायचं कारणच नाही. फिकट पिवळा दिसला तरी हात मागे घ्यावा.

कटथ्रोटचं पोलाद ४१एल४० असल्याचं कंपनी सांगते. आपल्या टूलरूमच्या भाषेत ते ईएन १९ च्या घरातलं, फक्त मशीनवर सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घातलेलं. हे पोलाद पाणी देऊन ५५ रॉकवेलच्या (हे कठीणपणाचं माप) आसपास जातं, त्याच्या फार पुढे नाही. माझ्या काही मित्रांना हे ऐकून कमी वाटलं. ते म्हणाले, एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद) घ्यायचं, ६० पर्यंत जातं की. जातं, पण ६० चं पातं हाडावर आडवं बसलं तर धारेचा तुकडा उडतो, आणि रानात बसून कुणी डायमंड व्हील लावत नाही. कात्रीच्या पात्यालाही आम्ही हाच विचार करतो: धार टिकली पाहिजे, पण खाली पडली तर टवका उडता कामा नये. बाणाच्या पात्याला ५२ ते ५६ हा पट्टा मला योग्य वाटतो. एस्किमोचं पोलाद याहून मऊ, कानस त्याला सहज धरते. कटथ्रोटवर कानस चालते, पण जोर लावावा लागतो. दगडावर जास्त बरं.

धार लावायची पद्धत दोन्हीची वेगळी. एस्किमो दुतर्फी. दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा उतार, म्हणजे धारेचा एकूण कोन ४० च्या आसपास. बारीक कानस घ्यायची, पुढच्या टोकाकडून मागे एकसारखी ओढायची, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन्ही बाजूंना उतार सारखा पडला पाहिजे, नाहीतर धार मधल्या रेषेतून सरकते. हे पातं कानशीची धार लावूनच वापरायचं अशा विचाराने बनवलेलं आहे, आणि अर्ध्या तासात कुठल्याही शिकाऊ माणसाला त्यावर बऱ्यापैकी धार येते. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, आणि जुनी मंडळी त्याच्यावर जीव टाकतात ते याचसाठी असणार.

कटथ्रोट एकतर्फी. एका बाजूला २५ अंशांचा उतार, दुसरी बाजू सपाट. म्हणजे धारेचा कोनच मुळात २५ चा, दुतर्फीपेक्षा पातळ. हे माझ्या ओळखीचं काम, कारण कात्रीचं पातं असंच असतं. उताराची बाजू दगडावर घासत जायची, सपाट बाजूला बोटाला बर, म्हणजे धारेवर उलटलेली धातूची बारीक कड, लागेपर्यंत. बर टोकापासून मागेपर्यंत अखंड आली पाहिजे. मग पातं उलटं करून सपाट बाजू दगडावर अगदी पूर्ण टेकवून एक-दोनदाच हलकं ओढायचं, बर निघून जाते. इथे नवशिके एक गोष्ट हमखास करतात: सपाट बाजूही जरा उचलून घासतात. तसं केलं की ते एकतर्फी राहिलंच नाही, आणि ज्या गुणासाठी पैसे दिले तो गुण गेला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची लुगदी लावून फिरवायचं.

धार तपासायला तिरंदाज हातावरचे केस काढून बघतात. मी माझी पद्धत वापरली. शेजारी चादरीचे पॉवरलूम आहेत. तिथून कोनावरचं सूत आणलं, एकेरी धागा खिळ्याला बांधून खाली लोंबकळत सोडला, टोकाला कपड्याचं एक बटण वजन म्हणून. पातं आडवं धरून धाग्याला फक्त टेकवायचं, ओढायचं नाही. बोथट पातं धागा ढकलतं, धागा कमानीसारखा वाकतो आणि पात्यावरून घसरून जातो. बऱ्या धारेवर तो आधी पिंजतो, एकेक तंतू तुटतो. खऱ्या धारेवर बटण टप्पकन फरशीवर पडतं आणि वरचा धागा जागचा हलतसुद्धा नाही. कटथ्रोट पाकिटातून काढल्या काढल्याच पिंजण्याच्या पुढे होतं, पट्ट्यावर फिरवल्यावर बटण पडलं. एस्किमोला कानशीनंतर धागा पिंजला, दगड आणि पट्टा दिल्यावर तेही बटण पाडू लागलं. स्टेनलेसवालं बटण पाडायचं, पण त्याची धार आणायला सगळ्यात जास्त वेळ गेला, बर सुटता सुटत नव्हती. त्याची भोकं बाण जाताना शीळ घालतात, ते मला शिकारीच्या कामाला आवडलं नाही. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

मग मंगळवेढ्याकडे पाहुण्यांच्या शेतावर गेलो. हुरड्याचे दिवस, ज्वारी उभी होती, पण गेल्या वर्षीच्या गंजीतला कडबा शिल्लक होता. त्याच्या पेंढ्या आडव्या रचून, घट्ट आवळून भिंत केली, मागे काळ्या मातीचा उंच बांध. भाच्याने पंधरा पावलांवरून बाण मारले. कडब्यात फारसा फरक दिसला नाही, तिन्ही पाती आरपार जाऊन मातीत रुतली. मातीतून काढल्यावर भिंगातून धार बघितली. एस्किमोची धार थोडी गोलावली होती, टोक मात्र शाबूत. कटथ्रोटवर एक-दोन ठिकाणी मातीतल्या खड्याचे ओरखडे, धार जवळजवळ तशीच. दोन्ही पाती पुन्हा वापरायच्या आधी धार मागतात, आणि ते बरोबरच आहे. मातीत गेलेलं पातं कुणी तसंच पुन्हा जनावरावर लावू नये.

खरा फरक हाडावर कळला. खाटकाकडून रेड्याच्या फऱ्याचं हाड आणलं होतं, ते पसरट फावड्यासारखं हाड, मांस खरवडून काढलेलं. कडब्याच्या पुढे दोरीने ताणून बांधलं. एस्किमोने हाडात एक आडवी चीर पाडली, पात्याच्या जाडीएवढी नेमकी, आणि त्या चिरेत बाण अडकला. पातं आत गेलं, काडी बाहेर राहिली. ओढून काढताना दमछाक झाली. कटथ्रोटचा बाण लागला तेव्हा आवाजच वेगळा आला. हाड चिरेपासून दोन्हीकडे लांबवर तडकलं होतं, एका बाजूचा टवका निघून गेलेला आणि बाण पिसांपर्यंत पलीकडे. जवळ जाऊन चीर बघितली तर ती सरळ नव्हती. शिरताना एका दिशेला आणि बाहेर पडताना थोडी वळलेली. उतार एकाच बाजूला असल्याने पातं हाडातून जाताना स्वतः फिरतं, आणि त्या पिळाने हाड फुटतं. हे सगळं मी वाचलं होतं, पण पिळलेली चीर बोटाने चाचपल्यावर माझ्या मनातला सगळा संशय गेला. टांगलेलं कोरडं हाड म्हणजे जिवंत जनावर नव्हे, एवढं ध्यानात ठेवूनही हा फरक मोठा आहे. कटथ्रोटचा बाण जडही होता, हे खरं. म्हणून भाच्याने एस्किमोमागे पितळी वजन घालून बाण जवळपास सारखा जड केला आणि दुसऱ्या फऱ्याच्या हाडावर मारला. खोल गेला, चीर मात्र पुन्हा सरळच, हाड तडकलं नाही.

डुकराला याचं महत्त्व का, तर नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड कवच असतं, आणि काळीज-फुफ्फुस पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मागे लगेच. नेम थोडा पुढे गेला की बाण थेट कवचावर आणि हाडावर. पन्नास पौंडाच्या धनुष्यात चार पात्यांचं रुंद ब्रॉडहेड तिथे अडकून बसेल. लांबट, दोनच पात्यांचं टोक कमी जोरात आत शिरतं. जुन्या काळातला प्रसिद्ध धनुर्धर हॉवर्ड हिल रुंदीच्या तिप्पट लांबीच्या पात्याचा आग्रह धरायचा, तो याचसाठी. पण अरुंद म्हणजे किती, यालाही मर्यादा आहे. कोलोरॅडोसारख्या राज्यात पातं किमान ७/८ इंच, म्हणजे सव्वाबावीस मिलिमीटर रुंद हवं असा नियम आहे. घेताना आपल्या राज्याचा नियम बघावा.

किंमत सांगायची तर एकसंध पातं साध्या पात्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. मला ती किंमत वाजवी वाटते, कारण ते धार देऊन देऊन वर्षानुवर्षं वापरता येतं. नळी आणि पातं वेगळे जोडलेलेच नाहीत, त्यामुळे जोड सुटायचा प्रश्न नाही. पण हे सगळं धार लावणाऱ्याच्या हिशोबाने. वर्षातून एकदा शिकारीला जाणाऱ्या आणि पातं पाकिटातून काढून तसंच लावणाऱ्या माणसाला मी एस्किमोच सांगेन, सोबत एक चांगली कानस आणि एक ऑइल स्टोन घ्यायला लावीन. स्वस्त पाकीट कुणीच घेऊ नये. त्या पैशात निदान एक खरं पातं येतं, आणि एका खऱ्या पात्याने सराव सुरू करता येतो.

भाच्याला कटथ्रोटच सांगितलं. इथे असेपर्यंत रोज संध्याकाळी जेवणाआधी त्याला दगडावर बसवायचो. पहिल्यांदा त्याचा कोन सुटायचा, टोकाजवळ मनगट वळायचं. शेवटी शेवटी बर एका रेषेत येऊ लागली. माझा एक जुना, झिजून मऊ झालेला दगड त्याला दिला, नव्या दगडापेक्षा त्यावर हात लवकर बसतो.

एक शेवटचं, मागवताना चुकू नये म्हणून. एकतर्फी पात्यात डावं आणि उजवं असे दोन प्रकार मिळतात. बाणाला उजव्या पंखाची पिसं पिळून लावली असतील तर बाण मागून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्याला उजव्या उताराचंच पातं हवं. डाव्या पिसांना डावं. उलटं बसवलं तर पिसं बाणाला एकीकडे फिरवणार आणि हाडात शिरलेलं पातं दुसरीकडे, आणि जो पीळ हाड फोडतो तोच बाणाचा जोर खाऊन टाकेल. पाकिटावर हे लिहिलेलं असतं, पैसे देण्याआधी वाचावं, आणि आपल्या बाणाचं पीस हातात घेऊन त्याची वळणारी बाजू एकदा नीट बघावी.